‘हलतो’ आणि ‘हलवतो’ : मेरुरज्जूच्या दुखापतीवरील स्नायुकंपन-उपचाराच्या परिभाषेचे परीक्षण

१

शास्त्रीय परिभाषेचा विचार मराठीत बहुधा शब्दाच्या घडणीपुरता होतो. संज्ञा संस्कृतातून घ्यावी की लोकव्यवहारातून, परका शब्द तसाच ठेवावा की त्याला प्रतिशब्द घडवावा, याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने, संज्ञा वाक्यात उतरल्यावर तिच्या आधारे केलेले विधान यथार्थ ठरते की नाही, याची चिकित्सा थोडी झाली आहे. वैद्यकासारख्या विषयात या उणिवेचा परिणाम विद्वानांच्या वर्तुळापुरता राहत नाही. तो रुग्णाच्या घरापर्यंत पोहोचतो. मेरुरज्जूला दुखापत झालेल्या माणसाच्या पुनर्वसनात स्नायूंना यांत्रिक कंपन देण्याचा उपचार गेली काही दशके अभ्यासला जात आहे. त्याविषयीचे संशोधनपर लेखन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. त्यातील ‘कंपन’, ‘ताठरता’, ‘पूर्ण’ आणि ‘हालचाल’ या चार कल्पनांचे परीक्षण येथे योजिले आहे.

आरंभी एका प्राथमिक गोंधळाचा निर्देश केला पाहिजे. ‘मणक्याला मार लागला’ असे घरोघर म्हटले जाते; पण मणका हे हाड आहे. त्या हाडांच्या पोकळीतून जाणाऱ्या मेरुरज्जूला इजा झाली की मेंदूकडून पायांकडे जाणारे आदेश आणि पायांकडून मेंदूकडे येणाऱ्या संवेदना अडतात. मणका बसवला म्हणजे रज्जू बरा झाला, हा समज या एका शब्दानेच पोसला आहे. दुसरा गोंधळ शेजारच्या भाषेतून येतो. मराठीत ‘स्नायू’ म्हणजे आकुंचन पावणारे मांस आणि ‘पेशी’ म्हणजे शरीराचा सूक्ष्मतम सजीव घटक. हिंदीत ‘स्नायु’ हा शब्द मज्जातंतूसाठी चालतो आणि ‘पेशी’ मांसासाठी. त्यामुळे हिंदी पत्रकावरून घाईने उतरवलेल्या मराठी मजकुरात ज्या अवयवाला कंपन द्यावयाचे तो आणि ज्या तंतूंतून त्याचा परिणाम वाहतो ते, यांची अदलाबदल होऊ शकते. या उपचारात तर स्नायू आणि मज्जातंतू यांचा संबंध हाच सगळ्या विवेचनाचा गाभा आहे.

२

‘कंपन’ हा शब्द वरकरणी निरुपद्रवी वाटतो. मराठीत तो ‘कंप’ या रोगवाचक शब्दाचा सख्खा भाऊ आहे, आणि कंपनोपचाराचा एक जुना अध्याय कंपवातापाशीच सुरू होतो हा योगायोग लक्षणीय आहे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील शार्को या मज्जाविकारतज्ज्ञाच्या असे ध्यानात आले की, आगगाडीचा किंवा घोडागाडीचा लांबचा प्रवास करून आलेले कंपवाताचे रुग्ण आपल्याला बरे वाटते असे सांगतात. त्यावरून त्याने हादरे देणारी खुर्ची तयार करवून घेतली आणि १८९२ मध्ये या उपचारावर व्याख्यान दिले. पुढल्याच वर्षी तो वारला. २०१२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी त्या खुर्चीचा प्रयोग आधुनिक पद्धतीने पुन्हा केला. काही रुग्णांना कंपनासह ध्वनी आणि काहींना केवळ ध्वनी अशी विभागणी केली असता दोन्ही गटांना बरे वाटले, आणि कंपनाचा म्हणून निराळा लाभ दिसला नाही. रुग्ण सुधारला हे विधान खरे होते. तो कंपनाने सुधारला हे मात्र सिद्ध होत नव्हते. तृतीया विभक्तीचा एवढासा प्रत्यय केवढा भार वाहतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आधुनिक स्नायुकंपनाचा आरंभ निराळ्या पायावर झाला. १९६६ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे आहे. स्वीडनमध्ये हागबार्थ आणि एकलुंड यांनी, तसेच ऑस्ट्रेलियात द गेल, लान्स व नील्सन यांनी, माणसाच्या स्नायूवर किंवा त्याच्या कंडरेवर जलद कंपन दिले असता काय घडते याची नोंद केली. त्याच वर्षी मॅथ्यूज याने मांजरावरील प्रयोगांतून तीच घटना वर्णिली. दर सेकंदाला शंभराच्या आसपास कंपने देणारे लहानसे यंत्र कंडरेवर टेकवले की काही सेकंदांत तो स्नायू आपोआप, हळूहळू आकुंचन पावू लागतो. स्नायूच्या आत ताण मोजणारी सूक्ष्म इंद्रिये असतात. कंपनाचा प्रत्येक धक्का त्यांना ताणासारखा भासतो आणि त्यांचे संदेश मेरुरज्जूत जाऊन त्याच स्नायूला आकुंचनाची आज्ञा घेऊन परततात. हे संदेश मेंदूपर्यंतही जातात. १९७२ मध्ये गुडविन, मॅक्लॉस्की आणि मॅथ्यूज यांनी दाखवले की, डोळे झाकलेल्या माणसाच्या दंडावर कंपन दिल्यास हात जागच्या जागी असूनही कोपर उलगडत असल्याचा भास त्याला होतो. म्हणजे कंपन ही शरीराला सांगितलेली एक खोटी, पण नेमकी बातमी असते.

येथवर शब्द आणि वस्तू यांचे नाते स्पष्ट आहे. पुढे मात्र ‘कंपन’ या एकाच नावाखाली तीन भिन्न गोष्टी नांदू लागल्या. पहिली, एका स्नायूवर वा कंडरेवर दिलेले स्थानिक कंपन. दुसरी, हादरणाऱ्या फळीवर रुग्णाला उभे करून सर्व देहाला दिलेले कंपन. तिसरी, पक्षाघात झालेल्या पुरुषांत प्रतिक्षेपी वीर्यपतन घडवण्यासाठी जननेंद्रियाला दिलेले कंपन. त्यावरील ब्रिंडलीचा निबंध १९८१ चा आहे आणि अपत्यप्राप्तीच्या दृष्टीने तो उपचार उपयुक्त ठरला आहे. या तिन्हींची जागा, वेग, मात्रा आणि हेतू वेगवेगळे आहेत. एकाचा गुण दुसऱ्याच्या खाती जमा करता येत नाही. तरीही समालोचनपर लेखांत ‘कंपनाने ताठरता कमी होते’ अशी विशेषणहीन वाक्ये आढळतात. ‘औषधाने ताप उतरतो’ या वाक्याला जेवढा अर्थ आहे, तेवढाच या वाक्याला आहे.

३

‘ताठरता’ हा दुसरा शब्द. मेरुरज्जूच्या दुखापतीनंतर आरंभी पाय लुळे असतात. पुढे बऱ्याच रुग्णांत ते ताठू लागतात, आखडतात, मध्येच झटके देतात. या सर्वांना मराठीत ढोबळपणे ताठरता म्हटले जाते. वैद्यकात मात्र लान्स याने १९८० मध्ये केलेली व्याख्या काटेकोर आहे. तीत वेग हा निर्णायक घटक आहे: अवयव जितक्या वेगाने ताणावा तितका विरोध वाढतो. कंपवातातील ताठरपणा असा वेगावर अवलंबून नसतो. मराठीत दोहोंना एकच शब्द लावला की ही व्याख्या पहिल्याच पायरीवर निकामी होते. २००५ मध्ये पंड्यन व त्याच्या सहकाऱ्यांनी अधिक व्यापक व्याख्या पुढे मांडली. तीत स्नायूंची अनैच्छिक क्रियाशीलता, मग ती अधूनमधून असो वा सतत, केंद्रस्थानी आहे. एकाच संज्ञेच्या दोन व्याख्या चालू असताना ‘ताठरता घटली’ हे विधान कोणत्या व्याख्येनुसार केले आहे ते सांगितल्याविना अपुरे राहते.

मोजमापाचा प्रश्न याहून बिकट आहे. या क्षेत्रात सर्वत्र वापरली जाणारी अ‍ॅशवर्थची श्रेणी १९६४ मध्ये, मेरुरज्जूच्या दुखापतीसाठी नव्हे तर बहुविध काठिण्य या रोगावरील एका औषधाच्या चाचणीसाठी योजली गेली. १९८७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. परीक्षक रुग्णाचा अवयव हाताने हलवतो आणि त्याला जाणवलेल्या विरोधाला अंक देतो. व्याख्या वेगाची, आणि मोजणाऱ्या हाताच्या वेगावर मात्र नियंत्रण नाही, अशी ही विसंगती आहे. आखडून आखूड झालेला स्नायू आणि मज्जातंतूंच्या अतिउत्तेजनाने ताठलेला स्नायू हे दोन्ही त्या हाताला सारखेच जाणवू शकतात. मुरिल्यो व सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात मांडीच्या पुढील स्नायूवर दर सेकंदाला ५० या वेगाने दहा मिनिटे कंपन दिल्यावर ताठरतेची मापे उतरल्याचे आढळले. त्यांनी केवळ या श्रेणीवर विसंबून न राहता प्रतिक्षेपांचे विद्युत्‌मापनही केले, हे त्या अभ्यासाचे बलस्थान म्हटले पाहिजे.

या शब्दाच्या संदर्भात एक गमतीची संज्ञा ध्यानात घेण्याजोगी आहे. देस्मेत आणि गोदो यांनी १९७८ मध्ये ज्या घटनेची कारणमीमांसा केली, तिला ‘कंपनाचा विरोधाभास’ असे नाव आहे. ज्या कंपनाने स्नायू सावकाश आकुंचन पावतो, त्याच कंपनाने त्या स्नायूचा हातोडीच्या ठोक्याने उडणारा झटका दबतो. एक क्रिया, एक स्नायू, आणि परस्परविरुद्ध भासणारी दोन फळे. ताठरता असलेल्या रुग्णांत तर झटका दबण्याचे प्रमाण निरोगी माणसाहून कमी आढळते. ‘कंपन स्नायूला उत्तेजित करते’ आणि ‘कंपन स्नायूला शांत करते’ ही दोन्ही वाक्ये म्हणूनच एकाच वेळी खरी असू शकतात. कोणता प्रतिक्षेप, कंपन चालू असताना की थांबल्यावर, हे क्रियाविशेषण गळाले की दोन्ही निरर्थक होतात.

शिवाय ‘कमी होणे’ आणि ‘सुधारणे’ हे समानार्थी नाहीत. काही रुग्ण पायांच्या ताठपणाचाच आधार घेऊन उभे राहतात किंवा खुर्चीतून पलंगावर जातात. त्यांची ताठरता उतरली तर श्रेणीवरील अंक सुधारेल, पण त्या माणसाचे उठणे-बसणे कदाचित अवघड होईल. अंकाची सुधारणा आणि माणसाची सुधारणा यांतील हे अंतर संशोधक जाणतात. त्यांच्या निबंधांच्या सारांशात मात्र ते बहुधा उतरत नाही.

४

तिसरा शब्द ‘पूर्ण’. मेरुरज्जूची दुखापत पूर्ण की अपूर्ण, हा प्रश्न रुग्णाच्या आप्तांनी विचारलेला पहिला प्रश्न असतो. रूढ आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘पूर्ण’ याचा अर्थ रज्जू तुटला असा नाही. रज्जूच्या सर्वांत खालच्या, त्रिकास्थीय खंडांत तपासणीत संवेदना व ऐच्छिक हालचाल दोन्ही आढळत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ आहे. म्हणजे हे विधान तपासणीविषयी आहे, शरीररचनेविषयी नव्हे. मराठीत ‘पूर्ण’ या शब्दाभोवती समाप्तीचा जो अर्थ दाटलेला आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला हा भेद उमगणे कठीण जाते.

या ठिकाणी कंपनाने परिभाषेचीच परीक्षा घेतली. दिमित्रिएविच आणि त्याचे सहकारी यांनी तपासणीत ‘पूर्ण’ ठरलेल्या रुग्णांना कंडरेवर कंपन देऊन व अन्य युक्त्या योजून स्नायूंचे विद्युत्‌लेखन केले. तेव्हा कित्येकांत दुखापतीच्या पलीकडून मेंदूचा काही क्षीण प्रभाव अजून पोहोचत असल्याच्या खुणा मिळाल्या. शेरवुड, दिमित्रिएविच आणि मॅके यांच्या १९९२ च्या निबंधात या अवस्थेला एक नवा इंग्रजी शब्द लावलेला आढळतो. ‘अपूर्ण’ हा शब्द आधीच दुसऱ्या वर्गाला दिलेला असल्यामुळे ‘पूर्ण’ या शब्दालाच निराळा उपसर्ग जोडून तो घडवला आहे. शब्द किंचित अवघडलेला आहे, आणि तसा तो असणेच योग्य होय. कारण ज्या अवस्थेचे वर्णन करावयाचे तीही दोन पेट्यांपैकी कोणत्याही पेटीत नीट बसत नाही. मराठीत त्याचे भाषांतर ‘अपूर्ण’ असे केले तर वर्ग बदलतो, आणि ‘पूर्ण’ असेच ठेवले तर शोध नाहीसा होतो. ‘पूर्ण भासणारी’ असे साधे विशेषण येथे पुरेसे आहे.

मात्र या शोधाचा अर्थ मर्यादित आहे हेही सांगितले पाहिजे. प्रभाव पोहोचतो याचा अर्थ हालचाल परतते असा नव्हे. येथे कंपन हे निदानाचे साधन होते, उपचाराचे नव्हे. साधनाचे नाव एकच असल्यामुळे पहिल्याचे यश दुसऱ्याचे समजले जाण्याचा धोका असतो.

५

चौथी कल्पना हालचालीची, आणि तिच्यात नामापेक्षा क्रियापद अधिक महत्त्वाचे आहे. १९९८ मध्ये गुर्फिंकेल व सहकाऱ्यांनी निरोगी माणसांचा पाय अधांतरी आधारून त्याच्या स्नायूंना कंपन दिले, तेव्हा चालण्यासारख्या लयबद्ध हालचाली आपोआप सुरू झाल्या. २०१२ मध्ये फील्ड-फोट आणि तिच्या सहकाऱ्यांनी मेरुरज्जूची दुखापत झालेल्या माणसांतही अशा हालचाली दाखवल्या. त्या निबंधाच्या शीर्षकातच दोन सावध शब्द आहेत: या हालचाली अनैच्छिक आहेत, आणि त्या पावलासारख्या आहेत. पाऊल नव्हे, पावलासारखे. इंग्रजीत हलणे आणि हलवणे या दोहोंना बहुधा एकच क्रियापद पुरते. म्हणून कर्त्याची इच्छा होती की नव्हती हे विशेषणाने वेगळे सांगावे लागते. असे विशेषण सारांशातून समालोचनात, समालोचनातून बातमीत जाताना सहज गळून पडते.

मराठीची स्थिती निराळी आहे. येथे भेद क्रियापदाच्या रूपातच बसलेला आहे. ‘पाय हलतो’ हे अकर्मक; इच्छेविषयी ते मौन पाळते. ‘रुग्ण पाय हलवतो’ यात कर्ता रुग्ण आहे. ‘यंत्र पाय हलवते’ यात तो नाही. ‘रुग्णाला पाय हलववतो’ हे शक्य क्रियापद. त्यात देहाचे सामर्थ्य व्यक्त होते. ‘रुग्णाला पाय हलवता येतो’ यात साध्यता सांगितली जाते. २०१२ च्या निबंधातील निष्कर्षाला मराठीत ‘पाय हलतो’ हेच रूप यथार्थ आहे. याउलट अँजेली, हार्केमा व सहकाऱ्यांच्या २०१४ च्या निबंधात, मेरुरज्जूच्या आवरणावर बसवलेल्या विद्युत्‌यंत्राचे उत्तेजन चालू असताना, चार रुग्णांनी स्वतःच्या इच्छेनुसार पाय हलवल्याचे वर्णन आहे. तेथे ‘हलवतो’ म्हणता येते. पण ‘उत्तेजन चालू असताना’ ही अट सोडता येत नाही. दोन निबंध, दोन उपचार, आणि मराठीत दोन वेगळी क्रियापदे.

तथापि मराठीतही एक सापळा आहे, आणि तो नेमका याच विषयात फसवणारा आहे. ‘चालणे’ या धातूचे प्रयोजक रूप आणि शक्य रूप एकच होते. ‘रुग्णाला चालवते’ या वाक्याचे दोन अर्थ संभवतात. अध्याहृत कर्ता यंत्र असेल तर ते यंत्र रुग्णाला चालायला लावते. भावे रचना मानली तर रुग्णाला स्वतः चालण्याइतकी शक्ती आली आहे. पहिल्यात रुग्ण कर्म आहे, दुसऱ्यात तोच सामर्थ्याचा धनी आहे. शक्य रूप आजच्या बोलीत ‘मला चालवत नाही’ अशा नकारातच अधिक टिकून आहे हे खरे. तरी ग्रामीण भागातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘आता त्याला जरा चालवते’ हे होकारार्थी रूप अजूनही अपरिचित नाही. फळीवर उभे राहून चार आठवडे कंपन घेतलेल्या, आधीच काही चालू शकणाऱ्या अपूर्ण दुखापतीच्या रुग्णांचा चालण्याचा वेग वाढल्याचे नेस व फील्ड-फोट यांनी २००९ मध्ये नोंदवले. त्यांनी स्वतः तो प्राथमिक अभ्यास म्हटला आहे. ‘कंपनयंत्र रुग्णांना चालवते’ असे त्याचे मराठी रूपांतर झाले, तर मुळातील चारही मर्यादा एका क्रियापदात बुडतात: रुग्ण कोण होते, त्यांना आधी काय येत होते, किती वाढ झाली, आणि अभ्यास कोणत्या पायरीचा होता.

६

या परीक्षणावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, शास्त्रज्ञाने भाषेचा असा काथ्याकूट करीत बसू नये; यंत्राचा गुण प्रयोगाने ठरतो. ते खरे आहे. परंतु प्रयोगाचा निकाल वाक्यातच सांगावा लागतो, आणि रुग्णाने संमती दिली ती यंत्राच्या गुणाला नसून त्या वाक्याला दिलेली असते. दुसरा आक्षेप असा की, मूळ संशोधक सावध असतात. दोष पुढील सांगणाऱ्यांचा. हा आक्षेप बहुतांशी मान्य करावा लागतो. वर उल्लेखिलेल्या निबंधांतील विशेषणे नीट वाचली तर त्यांत अतिशयोक्ती थोडी आहे. पण मराठी वाचकाशी गाठ पडते ती पुढील सांगणाऱ्याचीच, आणि तो सांगणारा पुष्कळदा विद्यापीठातून भाषा किंवा विज्ञान शिकून बाहेर पडलेला असतो.

या उपचाराचे मूल्यमापन तूर्त एवढेच करता येईल: स्थानिक कंपनाने ताठरतेची काही मापे उपचारानंतर तात्पुरती उतरतात याला आधार आहे, सर्वदेह-कंपनाने चालण्यावर होणाऱ्या परिणामाचा आधार याहून अशक्त आहे, आणि तुटलेला आदेशमार्ग कंपनाने पुन्हा जोडला जातो असे यांतील कोणत्याही अभ्यासातून निघत नाही. उपचार स्वस्त आहे, शरीरात काही घालावे लागत नाही, म्हणून त्याचा अभ्यास व्हावयास हवा. आणि नेमके त्याच कारणांमुळे त्याची अवाजवी जाहिरातही सोपी आहे.

तेव्हा मराठीत या विषयावर लिहिणाऱ्याकडून एका गोष्टीची अपेक्षा करणे वाजवी आहे. नवे प्रतिशब्द घडवण्याआधी त्याने प्रत्येक क्रियापदाचा कर्ता तपासावा. हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत किंवा खडकीच्या पक्षाघात पुनर्वसन केंद्रात राहणाऱ्या मराठीभाषक रुग्णाच्या हाती संमतिपत्र द्यावयाचे झाल्यास त्यात पारिभाषिक शब्द एकही नसला तरी चालेल. पुढील चार वाक्ये मात्र असावीत: ‘यंत्र चालू असताना तुमचा पाय हलेल. तो तुम्ही हलवलेला नसेल. यंत्र बंद केल्यावर पायाचा ताठपणा काही वेळ कमी राहील किंवा राहणार नाही. याने तुम्हाला चालता येईल असे आम्ही सांगत नाही.’